जुन्या यंत्रांस दाराबाहेर काढावें काय ?

शाळेंतील बिनतारी जाळें, म्हणजे ज्यास आपण वायफाय म्हणतों तें, संथ चालूं लागलें कीं पहिला दोष घरच्या जुन्या फोनवर येतो. जुन्या यंत्रांसाठीं राखलेले कमी वेग बंद करून टाका, असा सल्ला हल्लीं ठिकठिकाणीं ऐकूं येतो. जालना जिल्ह्यांत वडील भावाचा फोन धाकट्या बहिणीच्या हातीं यावा, यांत नवल कांहींच नाहीं. २०२० सालीं शाळा बंद असतां एका फोनवर दोन-तीन भावंडांनीं अभ्यास केला. तेव्हां हा प्रश्न निव्वळ यंत्राचा नव्हे. कोणाचें मूल आंत येतें आणि कोणाचें बाहेर राहतें, याचा आहे. म्हणून त्याविषयीं आमचें मत येथें मांडीत आहों.

एकेरी लोहमार्गावर मालगाडी पुढें निघाली कीं जलद गाडीसहि खोळंबावें लागतें, हें मनमाडहून जालन्यास आलेल्या प्रवाशांस सांगावयास नको. वायफायचेंहि तसेंच आहे. एका चॅनेलवर एका वेळीं एकाच यंत्रानें बोलावयाचें असतें. १९९७ च्या पहिल्या मानकांत सेकंदास १ व २ मेगाबिट हे वेग होते. १९९९ सालीं ५.५ व ११ आले. २००३ सालीं त्याच पट्ट्यांत ६ पासून ५४ पर्यंतचे वेग मिळाले. १५०० बाइटांचा मजकूर १ च्या वेगानें पाठविण्यास १२ मिलिसेकंद लागतात. ५४ च्या वेगानें पाव मिलिसेकंदहि लागत नाहीं. शिवाय राउटर सेकंदास सुमारें दहा वेळां आपली ओळख पुकारीत असतो, आणि ती सर्वांस कळावी म्हणून बहुधा सर्वांत कमी अशा सक्तीच्या वेगानेंच पुकारतो. ज्या यंत्रास सक्तीचा वेग समजत नाहीं त्यास प्रवेश मिळत नाहीं. ऐच्छिक वेग ज्यास साधेल त्यानें वापरावा. तेव्हां जलद यंत्रांची तक्रार खरी आहे, हें आम्हीं मोकळेपणानें कबूल करितों.

परंतु वेग यंत्राच्या वयानेंच उतरतो असें नाहीं; अंतरानेंहि उतरतो. एका शाळेंत आम्हीं स्वतः पाहिलें आहे. तेथें किमान वेग एकदम २४ करण्यांत आला. कार्यालयांत वाहवा झाली. व्हरांड्याच्या टोकाच्या वर्गांत मात्र जोडणी वारंवार तुटूं लागली. दोष मुलांच्या जुन्या फोनांस देण्यांत आला. पण त्याच बांकावर ठेवलेला शिक्षकांचा नवा फोनहि तुटत होता ! रोग भिंतींचा होता, औषध फोनास दिलें गेलें.

आमचें मत असें कीं, आधीं मोजावें, मग काढावें. राउटरच्या यादींत कोणतें यंत्र कोणत्या वेगानें जोडलें आहे तें आठवडाभर टिपावें. ज्यास ११ च्या पुढें कांहींच समजत नाहीं असें यंत्र नसेल, तर १, २, ५.५ व ११ हे वेग खुशाल बंद करावे, आणि ६ किंवा १२ हा सक्तीचा ठेवावा. आज मुलांच्या हातीं असलेल्या बहुतेक जुन्या फोनांस तो समजतो. एखादें जुनें छपाईयंत्र आडवें आलें, तर शक्य असल्यास तें तारेनें जोडावें. दूरच्या वर्गास दुसरा राउटर द्यावा. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा आपल्या देशांत २०१८ सालीं परवान्याविना खुला झाला आहे. नवीं यंत्रें तिकडे न्यावीं, म्हणजे जुन्यांस २.४ च्या पट्ट्यांत जागा मोकळी होईल.

एकासाठीं शंभरांनीं खोळंबावें, असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु तो एक कोण आहे हें न पाहतां दार लावून घेणें शाळेस शोभत नाहीं. पालकांनीं नवा फोन घेण्यापूर्वीं जुना कोणत्या वेगानें जोडला जातो तें शाळेंत विचारावें. पुष्कळदां खर्च वांचेल. आणि विद्यार्थिमित्रहो, आपला जुना फोन दप्तरांत लपवूं नका. तो यादींत दिसूं द्या. जो मोजला जातो, त्याचीच सोय होते.