फिफ्टी-फिफ्टी म्हणजे काय रे भाऊ?

मंडळी, होस्टेलवर कुणालाही विचारा, "काय रे, एम-थ्री निघेल का?" उत्तर ठरलेलं: "फिफ्टी-फिफ्टी! निघेल, नाहीतर राहील."

यातलं अर्धं गणित बरोबर आहे. दोन्ही गोष्टी एकदम होत नाहीत, म्हणजे घटना म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह. तिसरं काही उरत नाही, म्हणजे एक्झॉस्टिव्ह. त्यामुळे दोघींच्या संभाव्यतेची बेरीज 1. पण या एकाची वाटणी निम्मी-निम्मीच करा असं कुठे लिहिलंय? वर्षभर गणितं सोडवणारा आणि आदल्या रात्री झेरॉक्स शोधत फिरणारा, दोघांची फिफ्टी-फिफ्टी सारखीच?

लाजू नका, या खड्ड्यात मोठमोठे पडलेत. मेकॅनिक्समध्ये ज्याचं तत्त्व आपण घोकतो त्या डी'अलेंबर्टने 1754 साली फ्रेंच विश्वकोशात लिहिलं: नाणं दोनदा उडवायचं, एकदा तरी छापा पडायला हवा. शक्यता तीनच: पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, दोन्ही वेळा काटा. तिनांपैकी दोन आपल्या बाजूच्या, म्हणून उत्तर 2/3. यादी पूर्ण आहे, एकमेकींत घुसतही नाही. पण वजनं 1/2, 1/4, 1/4 अशी आहेत. खरं उत्तर 3/4.

आता जरा पोटाशी येणारं उदाहरण. फायनल इयरचा एखादा म्हणतो, "कॅम्पस 60 टक्के, गेट 40 टक्के. झाले की शंभर! काहीतरी होणारच." इथे मात्र यादीच चुकली. ज्याचा अभ्यास पक्का, त्याचं दोन्ही जमू शकतं. समजा, दोन्ही जमण्याची शक्यता 30 टक्के. मग खरे रकाने चार: फक्त कॅम्पस 30, फक्त गेट 10, दोन्ही 30. उरले 30, ते कुणाचे? काहीच न जमण्याचे! हा चौथा रकाना कुणी लिहीतच नाही, आणि जूनमध्ये बॅग भरताना नेमका तोच समोर येतो. आधीच लिहिला असता तर त्याची काही तजवीज तरी झाली असती.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. व्हायवाला सूत्र जरूर विचारा, पण आधी विचारा, "यादी पूर्ण आहे का? एकच गोष्ट दोनदा तर मोजली नाहीस ना?" सूत्र पेपरनंतर विसरलं तरी चालेल. ही सवय मात्र नोकरीतही लागेल, आणि नोकरी नसतानाही.