बँडविड्थ संपलेली माणसे

बेंगळुरूत कुणी कामाला नकार देत नाही. 'जमणार नाही' हे गावठी शब्द तोंडून निघाले तर पगार कापतील, अशी इथे समजूत असावी. म्हणून बेलंदूरच्या काचेच्या इमारतीत बसलेले आमचे साहेब डोळे किंचित मिटून सांगतात, "या आठवड्यात मला बँडविड्थ नाहीये रे. संपली."

संपली? बँडविड्थ म्हणजे काय डब्यातले बेसनाचे लाडू आहेत? ती रुंदी आहे हो! संदेशाने व्यापलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची, हर्ट्झमध्ये मोजायची रुंदी. आउटर रिंग रोडवर गाड्या तुंबल्या म्हणून रस्ता आक्रसतो का? रस्ता तेवढाच राहतो, फक्त पुढे काही सरकत नाही. प्रत्यक्ष जेवढे सरकते त्याला थ्रूपुट म्हणतात. तेव्हा साहेब, तुमची बँडविड्थ शाबूत आहे, थ्रूपुट शून्य आहे. पण हे सांगणार कोण? अप्रेझल तोंडावर आलेय.

हेच गृहस्थ 'पिंग करतो' असेही म्हणतात. पिंग हा माइक मूस या अमेरिकी माणसाने 1983 साली लिहिलेला चिमुकला प्रोग्रॅम. नाव घेतले पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. पलीकडचे यंत्र जिवंत आहे का, एवढेच तो विचारतो आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते मोजतो. म्हणजे 'मंगळवारी पिंग करतो' याचा अर्थ, 'मंगळवारी तू हयात आहेस का ते पाहतो'. मी हयात असतो. लगेच उत्तर देतो. त्यावर साहेबांचा अंगठा उगवतो शुक्रवारी.

अडाण्याला माफ करता येते. पण ही मंडळी नेटवर्किंगच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण घेऊन आलेली!

घरी यावे, तर तिथे विक्रेत्यांचे पांडित्य. "सर, शंभर एमबीपीएस!" इंग्रजीत निदान लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट, असा भेद डोळ्यांना दिसतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत. विक्रेत्यांचे केवढे हे भाग्य! आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे शंभराचे झाले साडेबारा. शिवाय जाहिरातीत मुंगीएवढ्या अक्षरांत 'पर्यंत' असतेच. शंभरपर्यंत. शून्यही शंभरपर्यंतच्याच वाटेवर लागते, नाही का? आणि सरकार तरी काय? 2023 पर्यंत आपल्याकडे 512 केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणण्याची सोय होती. मग किमान वेग 2 एमबीपीएस झाला. ब्रॉड!

फोरजीची कथा तर मुळातच ग्रेसमार्कांची. आयटीयू या जागतिक दूरसंचार संघटनेने कसोटी ठेवली होती स्थिर ग्राहकाला सेकंदाला एक गिगाबिटची. फोरजी म्हणून विकले जाणारे तेव्हाचे एलटीई तंत्रज्ञान त्यात नापास. पण कंपन्या जाहिराती करून मोकळ्या झाल्या होत्या. शेवटी डिसेंबर 2010 मध्ये आयटीयूनेच मान्य केले की, बरे, यालाही फोरजी म्हणता येईल. आणि वाय-फाय? स्पर्धा परीक्षांची गाइडे त्याचे पूर्ण रूप 'वायरलेस फिडेलिटी' असे घोकून घेतात. वस्तुतः ते एका ब्रँडिंग कंपनीने 1999 मध्ये पाडलेले, हायफायशी यमक जुळणारे नाव. पूर्ण रूप नाहीच. बिचारी पोरे!

माझ्याकडे आलेल्या तंत्रज्ञाने राउटर नेऊन ठेवला तो लोखंडी कपाटामागे. "सिग्नल स्ट्राँग आहे, सर." असेल, कपाटाला मिळत असेल.

याच शहरात 1981 साली इस्रोच्या इंजिनिअरांना अॅपल उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. धातूच्या वाहनावर ठेवला असता तर त्या धातूनेच रेडिओलहरींत ढवळाढवळ केली असती. त्यांनी सरळ बैलगाडी आणली. लाकूड लहरींच्या वाटेला जात नाही, हे त्यांना माहीत होते. तो फोटो मागच्या महिन्यात साहेबांनी स्लाइडवर लावला. "बैलगाडीतून उपग्रह! केवढी गरिबी होती. कुठून कुठे आलो आपण!" टाळ्या पडल्या.

मी हात वर केला. म्हटले, "सर, गाडी बैलांचीच का घेतली असेल?"

साहेबांनी क्षणभर स्लाइडकडे पाहिले. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले, "हे आपण ऑफलाइन घेऊ."