पोथीतली जागा




आमच्या घाटाजवळच्या एका ग्रंथसंग्रहातील मराठी पोथ्यांची पाने स्कॅन करून झाल्यावर, ‘आता सारे पडद्यावर मिळते’ एवढ्याच कारणावरून मूळ छापील प्रती रद्दीच्या हवाली करण्याची तजवीज चालू असल्याचे कळले, आणि काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील वाचक या नात्याने त्या तजविजीस माझी हरकत नोंदविणे मला अगत्याचे वाटते.

पडद्यास माझा विरोध नाही. हवी ती ओवी क्षणात शोधून देण्याचे आणि परगावच्या अभ्यासकास दुर्मीळ प्रत घरबसल्या दाखविण्याचे सामर्थ्य कागदात नाही. परंतु शोधणे निराळे आणि वाचणे निराळे. कार्तिकात पंचगंगा घाटावर आकाशदीप लागले की आमच्या घरी एकनाथी भागवताचे वाचन सुरू होई. आईला ओवीचा क्रमांक कधी सांगता आला नाही, पण अमुक दृष्टांत पानाच्या तळाशी, तेलाच्या डागाच्या जरा वर आहे, हे ती पोथी सोडण्यापूर्वीच सांगे. मोबाईलवर तीच ओवी खालून येते आणि वर सरकून नाहीशी होते. तिला ठिकाणच उरत नाही. गवई ज्याला ‘जागा’ म्हणतात ती पुनःपुन्हा घोटूनच अंगात मुरते, हे तरी या घाटाला कोणी शिकविण्याची गरज नसावी, कारण येथल्याच बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज केला.

हा केवळ जुन्या सवयीचा हट्ट नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५४ अभ्यासांतील १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले, आणि वेळेचे बंधन असता हा फरक अधिक वाढला. निव्वळ कथात्म मजकुरात मात्र तो आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण एकनाथी भागवत म्हणजे भागवताच्या अकराव्या स्कंधावरील ३१ अध्यायांचे भाष्य; त्यात कथा थोडी आणि विचार फार, त्यामुळे कागदाची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच आपण तो काढून घेत आहो.

ज्या एकनाथांनी १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस याच वाराणसीत तो ग्रंथ पुरा केला, त्यांनीच पुढे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ते कार्य जुन्या प्रती कोणीतरी जपून ठेवल्या होत्या म्हणूनच होऊ शकले. स्कॅन जरूर करावे, परंतु प्रत्येक ग्रंथाची निदान एक छापील प्रत वाचकांस हाताळता येईल अशी ठेवावी, एवढीच माझी दरखास्त आहे. मला दाखविलेल्या स्कॅनमध्ये एका अध्यायाची दोन पाने हलल्यामुळे अक्षर लागत नाही. ज्या पोथीवरून त्यांची रुजुवात घ्यावयाची, ती अद्याप तेथील कपाटात आहे.

आपला,
एक वाचक
बालाजी घाट, वाराणसी