तुटेपर्यंत ताणू नका!

दुपारचे चार. चहा अजून आलेला नाही आणि अख्खं ऑफिस खुर्चीतल्या खुर्चीत आळोखेपिळोखे देतंय. मंडळी, हे ताणणं फक्त स्नायूंनाच कळतं असं वाटतं? तसं नाही बरं का! आजाराशी लढणाऱ्या आपल्या पेशींनाही ते कळतं.

कसं? या पेशींच्या आवरणात ‘पिएझो-वन’ नावाची इवलीशी दारं असतात. आवरण ताणलं की दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीला निरोप पोचतो. २०१० मध्ये ही दारं शोधणारे आर्डेम पटापुटियन २०२१ च्या नोबेलचे मानकरी ठरले.

आता खरी गंमत. हलकं ताणलं तर काय होतं? अमेरिकेत हेलीन लँजविन यांच्या टीमनं उंदरांच्या पाठीत मुद्दाम सूज आणली आणि काही उंदरांना रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं चक्क स्ट्रेचिंग करायला लावलं. ४८ तासांनी त्यांची सूज कमी होती. तिथं गर्दी करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी कमी आणि सूज उतरवणारं रिझॉल्विन हे रसायन जास्त!

आणि अति ताणलं तर? फुप्फुसात पहारा देणाऱ्या मॅक्रोफेज पेशी लॅबमध्ये जोरात ताणल्या, तर त्यांनी सूज वाढवणारी रसायनं सोडली. हॉस्पिटलमध्ये हा जिवाचा प्रश्न होतो, कारण व्हेंटिलेटर फुप्फुस असंच ताणत असतो. २००० मध्ये अमेरिकेतल्या ८६१ गंभीर पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्रत्येक श्वासात उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा, बाकीच्यांना फक्त ६. पहिल्या गटात जवळपास ४० टक्के दगावले, दुसऱ्यात ३१. रक्तातली सुजेची खूणही दुसऱ्या गटात जास्त उतरली. मशीन तेच, फक्त फुगवणं बेताचं! कोविडच्या आयसीयूतही डॉक्टरांनी हाच धडा गिरवला.

अर्थात, उंदीर म्हणजे आपण नव्हे. त्यामुळे ‘स्ट्रेचिंगनं सगळे आजार पळतात’ असं जिममधल्या कुणी सांगितलं, तर गोड हसा आणि पुढे चला. पण तासातून एकदा उठा, हात वर करा, पाठ सैल सोडा. बरं वाटतंय तोवर ताणा, दुखलं की थांबा.

आणि हो, डेडलाइनचा ताण यात धरलेला नाही!