राहिलेला भूगोलाचा पेपर

मार्च २०२० ची दहावीची परीक्षा आठवते ना? २३ मार्चला भूगोलाचा शेवटचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला, नंतर रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. पेपर पुढे गेल्याचे कळले तेव्हा आमच्या वर्गातली पोरं खूश होती. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला.

ती पोरं आज विशी ओलांडून गेली आहेत. त्यांची अकरावी बहुतेक मोबाईलवरच झाली, तीही अब्बांचा फोन मोकळा असेल तेव्हा. दोन खोल्यांत सात माणसे. त्या वर्षी रमजानची तरावीह घरातच पढली, ईदची नमाजही घरातच. जुलैमध्ये १० ते १८ तारखेपर्यंत आपल्या शहरात पुन्हा कडक बंद पाळला गेला. ना मैदान, ना मित्र, ना कॉलेज. ज्या वयात पोरं घराबाहेर पाऊल टाकतात, त्याच वयात ती घरात कोंडली गेली.

त्याच वर्गातला एक मुलगा गेल्या महिन्यात काही कागदपत्रांसाठी शाळेत आला होता. त्याला पाहून मला एक जुना फोन आठवला. २०२१ मध्ये त्याच्या अम्मीने मला फोन केला होता : “टीचर, हा दुपारी उठतो, नीट जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. तुम्हीच समजावा.” मी त्याला अर्धा तास समजावले. अब्बांची मेहनत, वेळेची किंमत, फजरची नमाज, सगळे सांगितले. तो फक्त “जी टीचर” म्हणत राहिला. फोन ठेवताना मला वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

आता तो समोर बसून शांतपणे म्हणाला, “टीचर, मी आळशी नव्हतो. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा घरच्यांना वाटलं मी नाटक करतो. तुम्ही नमाजचं सांगितलं. नमाज तर मी पढतच होतो. सजद्यात रडायचो.”

मला काय बोलावे सुचेना. बीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते. पण त्या अर्ध्या तासात “बेटा, तुला झोप लागते का?” एवढे विचारायचे मला सुचले नव्हते.

पुढे त्याच्या मामूंनी त्याला मानसोपचार डॉक्टरांकडे नेले. काही महिने औषधे चालली, डॉक्टरांशी बोलणे झाले, रोज सकाळी आमखास मैदानावर चालणे सुरू झाले. आज तो नोकरी करतो, अल्हम्दुलिल्लाह.

हे एकाच घरातले दुखणे नव्हते. महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. त्याची झळ तरुणांना आणि स्त्रियांना जास्त बसली. यात शरीर आणि मन एकमेकांना खाली ओढतात. दिवसभर ऊन नाही, हालचाल नाही, म्हणून रात्री झोप नाही. झोप नाही म्हणून काळजी वाढते आणि काळजीने उरलेली झोपही जाते. मग हातात मोबाईल येतो आणि पहाट होते. आपल्याला मात्र फक्त दुपारी उठणारा मुलगा दिसतो.

आपल्या घरांत अजून एक वाक्य पटकन निघते, “इमान कमजोर झालंय.” जरा थांबून विचार करा. हजरत यूसुफ (अलै.) यांच्या वियोगात हजरत याकूब (अलै.) यांची दृष्टी गेली, हे कुरआनात आहे. एका पैगंबरांच्या दुःखाला कोणी कमजोर इमान म्हणेल का? हजारभर वर्षांपूर्वी अबू जैद अल-बल्खी या विद्वानाने शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख वेगळे आणि कारण न कळता येणारे दुःख वेगळे, हे त्याने तेव्हाच ओळखले होते. ताप आला की आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो. मनाच्या आजारातही तेच करायचे आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. झोप, भूक, बोलणे, आवडती कामे यांत झालेला बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा तपासण्या नॉर्मल असूनही अंग दुखणे, धडधडणे थांबत नसेल, तर त्याला नाटक म्हणू नका. मुलींकडे तर जास्तच लक्ष द्या. त्या स्वयंपाकघरात काम करत राहतात, म्हणून त्यांचे दुखणे कोणाला दिसत नाही. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. मरणाची भाषा कानावर आली तर त्या मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तीव्र तणावाखाली असलेली व्यक्ती मानले आहे आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

महामारी संपली, मास्क कपाटात गेले. पण त्या दोन वर्षांचे ओझे घेऊन काही मुले आजही आपल्याच दस्तरख्वानावर गप्प बसून जेवतात. आज रात्री जेवताना नोकरीचे, निकालाचे, लग्नाचे नंतर विचारा. आधी विचारा, “बेटा, झोप लागते का नीट?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. मी बोलले होते.