ग्रामन्यायालये कागदावरच का?

शेतमजुराच्या थकलेल्या मजुरीसाठी तालुक्याला एक खेप घालायची, तर त्या दिवसाची मजुरी बुडते; तारीख पुढे गेली की दुसऱ्या खेपेचीही बुडते. म्हणून तो न्यायालयाची पायरी चढतच नाही. त्याच्या या मौनाला समाधान समजण्याची चूक राज्यकर्त्यांनी करू नये.

आर्थिक दुर्बलतेमुळे कोणी न्यायापासून वंचित राहू नये, असे घटनेचा अनुच्छेद 39-अ 1976 पासून सांगतो. विधी आयोगाने 1986 साली आपल्या 114व्या अहवालात ग्रामन्यायालयांची शिफारस केली. 2008 साली संसदेने कायदा केला व 2 ऑक्टोबर 2009 रोजी, गांधीजयंतीला, तो अमलात आला. पंचायत समितीच्या पातळीवर न्यायालय असावे, न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जाऊन खटले ऐकावेत, विहिरीचे पाणी, सामाईक कुरण, किमान वेतन यांसारखे तंटे सलोख्याने वा निवाड्याने तेथेच मिटावेत, अशी ही योजना आहे.

मग घोडे अडले कोठे? कायद्याने राज्यांना न्यायालये स्थापण्याची मुभा दिली, बंधन घातले नाही. आवर्ती खर्चासाठी केंद्राचे साहाय्यही पहिल्या तीन वर्षांपुरतेच व मर्यादित ठरले. परिणामी बहुसंख्य तालुके कोरडेच राहिले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना चार आठवड्यांची मुदत घालून द्यावी लागली, यातच सारे आले.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. न्यायाधीशासोबत दोन सामान्य नागरिक बसावेत, असे विधी आयोगाने सुचविले होते. कायद्याने ते वगळून एकटा न्यायाधिकारी ठेवला. गावातील नागरिक बसविले तर सत्ता पुन्हा वरच्या जातींच्या हाती जाईल, हा आक्षेप खोटा नाही. जातपंचायतींचा जाच आपण पाहिला आहे. परंतु त्यावरचा उपाय लोकांना वगळणे हा नव्हे. न्यायाधिकाऱ्यांच्या नेमणुकीत दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या प्रतिनिधित्वाचे तत्त्व याच कायद्याने मान्य केले आहे. तेच तत्त्व नागरिक-सदस्यांनाही लावावे. कायद्याचा अर्थ न्यायाधीशाने सांगावा, पाण्याची पाळी कोणाची हे गावाने सांगावे.

साथींनी आपापल्या तालुक्यात एकच प्रश्न विचारावा: येथे ग्रामन्यायालय केव्हा बसणार? ‘स्थापन करता येईल’ याऐवजी ‘स्थापन केलेच पाहिजे’ अशी दुरुस्ती व तिच्यासाठी कायम तरतूद, ही आपली मागणी असली पाहिजे. मुभेवर सोडलेला हक्क गरिबापर्यंत सहसा पोहोचत नाही.