आत्मकथन आणि घरच्यांचे खासगीपण

आत्मकथन एकट्याचे नसते. लिहिणारा स्वतःचे आयुष्य उघड करतो तेव्हा आईवडिलांचे, जोडीदाराचे आयुष्यही उघड होते, आणि बहुधा त्यांना न विचारता. नावे बदलली की हा प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

पिंपरी-चिंचवडमध्ये शिकवताना एका विद्यार्थ्याचे लेखन आमच्यापुढे आले. चाकणच्या कारखान्यात प्रेसवर वडिलांची दोन बोटे गेली, पुढे काम सुटले, दारू जडली. त्याने वडिलांचे नाव बदलले होते. पण वसाहत, पाळी आणि ती दोन बोटे तशीच होती. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसे इथे अनेकदा गाववाल्यांच्या शेजारीच राहतात. बदललेल्या नावामागचा माणूस त्यांना ओळखू येणार नाही काय?

मग बोटांचा उल्लेख गाळावा काय? आमच्या मते नाही. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’त (१९८४) आपल्या जन्माची कथा सांगितली, तेव्हा आईचे आयुष्य त्यात आलेच. ते झाकले असते तर अब्रू वाचली असती ती पाटलाची. शिवाय ती जखम लेखकाचीही होती. मौन पुष्कळदा अन्याय करणाऱ्याच्याच कामी येते.

पण सगळ्याच गोष्टी अन्यायाच्या नसतात. ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते. त्यांच्या हाती लेखणी होती आणि वाचकही होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, नारायण वामन टिळक १९१९ सालीच निवर्तले होते. उत्तर देऊ न शकणाऱ्या पतीचा तापटपणा लक्ष्मीबाईंनी लपवला नाही; मात्र हसताना स्वतःलाही सोडले नाही. आमच्या विद्यार्थ्याचे वडील हयात आहेत, पण लेखणी त्यांच्या हाती नाही.

‘ऑटो शंकर’ या फाशीच्या कैद्याच्या आत्मचरित्रावरून उद्भवलेल्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली स्वतःचे, कुटुंबाचे आणि विवाहाचे खासगीपण जपण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला; सार्वजनिक नोंदींत आलेला मजकूर त्यातून वगळला. परंतु मुलाने बापाविषयी काय लिहावे याचा निवाडा शेवटी घरातच करावा लागतो.

तो करताना आम्ही एकच प्रश्न विचारू: सोसले कोणी? बोटे कारखान्यात गेली, ती हकीकत कामगारांच्या सुरक्षिततेची आहे. वडिलांना संकोच वाटला तरी ती लिहावी. दारूच्या भरात आईवर हात उगारला गेला असेल, तर ते छापायचे की नाही हे वडिलांनी नव्हे, आईने ठरवावे. आणि काम सुटल्याच्या रात्री ते एकटेच रडले असतील, तर ते पान त्यांचे आहे. छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावे, आणि त्यांनी नको म्हटले तर ते पान काढून टाकावे. त्याने पुस्तक दुबळे होईल, असे आम्हांस वाटत नाही.